खान चेकॉव्हला ओळखतो कसा? स्टार ट्रेकचा कालक्रम लावणाऱ्यांसाठी

अमळनेरच्या चौघा कॉलेजच्या मुलांनी विचारलंय. स्टार ट्रेक म्हणजे भविष्यातल्या अंतराळजहाजाच्या सफरींची अमेरिकी टीव्ही मालिका; मूळ मालिकेपासून पुढच्या सगळ्या स्टार ट्रेक मालिकांचा कालक्रम लावायला ते बसलेत आणि पहिल्याच महिन्यात अडकलेत. (नवख्यांसाठी: स्टारडेट म्हणजे जहाजाच्या लॉगमधला तारखेचा आकडा, खान हा मूळ मालिकेतला एक खलनायक, चेकॉव्ह हा जहाजावरचा एक अधिकारी.) त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "काका, स्टारडेटनं भाग लावले तर ते मागेपुढे होतात. टीव्हीवर दाखवले त्या क्रमानं लावले तर १९८२ च्या चित्रपटात खान चेकॉव्हला ओळखतो हे बसत नाही, कारण खानच्या भागात चेकॉव्ह नव्हताच. संवादातली वर्षं मोजली तर दर वेळी वेगळंच शतक निघतं. खरं कशाला मानायचं? जे बसत नाही ते काढून टाकायचं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काढू नका. एकही ओळ काढू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

मी भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होतो. स्टार ट्रेक पहिल्यांदा पाहिलं ते ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, क्वार्टरमधल्या शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर. नाइट ड्यूटी करून आलेलो असायचो, डोळे मिटत असायचे, पण जहाजाचा कॅप्टन कर्क याच्या आवाजात लॉगमधली स्टारडेट ऐकू आली की झोप उडायची. रात्रभर वेळा टिपणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या लॉगमधला आकडा टिपल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा सुरू केलेल्या टिपणांची आज सहावी वही चालू आहे. तुमच्या प्रश्नातली प्रत्येक अडचण त्या वह्यांमध्ये कुठे ना कुठे आहे.

आमचा कंट्रोल चार्ट कसा असायचा ते सांगतो, कारण कालक्रम लावायची माझी सगळी रीत तिथून आली. टेबलभर कागद. आडव्या दिशेला वेळ, उभ्या दिशेला स्टेशनं: जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा, असं खाली चाळीसगावपर्यंत. प्रत्येक स्टेशन मास्तर फोनवर सांगणार, अमुक गाडी अमुक वाजता गेली. तिथे ठिपका द्यायचा आणि ठिपके जोडत तिरकी रेघ ओढायची. आता समजा मुंबईकडे निघालेली मालगाडी माहेजीनं २ वाजून १० मिनिटांनी गेल्याची सांगितली आणि पुढच्या पाचोऱ्यानं २ वाजून ८ मिनिटांनी. असं होऊच शकत नाही. कुठलं तरी घड्याळ चुकलंय. पण कोणाचं, हे त्या दोन ठिपक्यांवरून कळत नाही. त्याच्या मागची-पुढची स्टेशनं बघावी लागतात, त्याच वेळेच्या दुसऱ्या गाड्या बघाव्या लागतात. बाकी सगळ्यांशी जुळणारं स्टेशन खरं, एकटं पडलेलं संशयित. आणि संशयित झालं म्हणून त्याचा आकडा खोडायचा नसतो. त्यानं जे सांगितलं ते नोंदलेलंच राहिलं पाहिजे, कारण उद्या चौकशी लागली तर तोच आकडा कामाला येतो.

हेच तुमच्या वहीला लावा. प्रत्येक भाग म्हणजे एक स्टेशन आणि त्यातला प्रत्येक संवाद म्हणजे एक फोन.

पहिली गोष्ट, तुम्ही तीन वेगळ्या तारखा एकाच रकान्यात लिहिताय असं दिसतंय. भाग चित्रित झाला कधी, टीव्हीवर दाखवला कधी, आणि गोष्ट घडते कधी, या तीन स्वतंत्र तारखा आहेत. रात्री साडेअकराला मुंबईहून सुटलेली गाडी भुसावळला दुसऱ्या दिवशी उजाडता पोचते, तरी रेल्वेच्या लेखी तिची तारीख सुटली त्या दिवसाचीच राहते. हे ध्यानात ठेवलं नाही तर एकाच नंबरच्या दोन दिवसांच्या दोन गाड्या चार्टवर एकमेकींत मिसळतात. तुमचं तेच झालंय.

मूळ मालिका ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि ३ जून १९६९ ला संपली. तीन सीझन, ७९ भाग. पहिला दाखवला 'द मॅन ट्रॅप'. पण 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' हा भाग त्याच्या कितीतरी आधी तयार झाला होता आणि दाखवला तो २२ सप्टेंबरला, तिसरा. तो नीट पाहा. गणवेश वेगळे आहेत. नेहमीचा डॉक्टर मॅकॉय जहाजावर नाही, दुसराच डॉक्टर आहे. कर्कसाठी उभ्या केलेल्या थडग्याच्या दगडावर त्याच्या नावात मधलं अक्षर 'टी' ऐवजी 'आर' कोरलंय. म्हणजे पात्रं अजून घडत होती. त्याची स्टारडेट १३१२.४ आणि 'द मॅन ट्रॅप'ची १५१३.१. चित्रीकरणाचा क्रम, गणवेश, डॉक्टर, स्टारडेट, चारही साक्षी एका बाजूला आहेत आणि प्रक्षेपणाचा क्रम एकटा पडलाय. इथे निकाल सोपा आहे.

पण यावरून स्टारडेटवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. मूळ मालिकेच्या लेखकांना दिलेल्या सूचनांमध्ये असं होतं की कोणतेही चार आकडे घ्या, पुढे दशांश जोडा, आणि त्या भागापुरती तारीख पुढे सरकत ठेवा. एका भागाचा दुसऱ्याशी मेळ घालायचं बंधन नव्हतं. प्रेक्षकांनी विचारायला सुरुवात केल्यावर जीन रॉडेनबेरींनी स्पष्टीकरण दिलं की स्टारडेट नुसत्या काळावर ठरत नाही, जहाज आकाशगंगेत कुठे आहे आणि किती वेगानं चाललंय यावरही ठरते. हे स्पष्टीकरण मला मनापासून आवडतं, पण गणिताला त्याचा उपयोग शून्य. तरीही तो आकडा अगदी निरुपयोगी नाही. पहिल्या सीझनमध्ये तो तेराशेच्या आसपास सुरू होतो, तिसऱ्याच्या शेवटी साडेपाच-सहा हजारांच्या दरम्यान पोचतो. एकंदर चढ आहे, मधे खाचखळगे आहेत. सगळ्यात शेवटी दाखवलेल्या 'टर्नअबाउट इन्ट्रूडर'ची स्टारडेट ५९२८.५ आणि त्याच्या आधी, १४ मार्च १९६९ ला, दाखवलेल्या 'ऑल अवर यस्टरडेज'ची ५९४३.७. म्हणून माझ्या वहीत मूळ मालिकेची स्टारडेट ही कच्ची साक्ष. दुसरं काहीतरी तिच्या बाजूनं बोललं तरच धरायची.

१९८७ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' ही पुढची मालिका आली तेव्हा मात्र हे सुधारलं. पाच आकडी स्टारडेट, पहिला आकडा ४, दुसरा आकडा सीझनचा, आणि एका सीझनला एक हजार. पहिल्या भागाची ४११५३.७, पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागाची ४१९८६.०. ही पक्की साक्ष. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' या नंतरच्या मालिकांनीही हाच हिशोब पुढे नेला, म्हणून त्या काळातले भाग लावणं तुलनेनं सोपं आहे. त्यावर जास्त वेळ घालवू नका.

आता चेकॉव्ह. या कोड्यावर मी जेवढ्या रात्री घालवल्या तेवढ्या दुसऱ्या कशावर नाही.

खानचा भाग 'स्पेस सीड', १६ फेब्रुवारी १९६७ ला दाखवला, पहिला सीझन. चेकॉव्हचं काम करणारे वॉल्टर कोनिग मालिकेत आले दुसऱ्या सीझनला, म्हणजे सप्टेंबर १९६७ नंतर पडद्यावर दिसले. आणि १९८२ च्या चित्रपटात खान त्याच्याकडे पाहतो आणि चेहरा विसरत नसल्याचं सांगून नावानं हाक मारतो. प्रक्षेपणाच्या क्रमानं पाहिलं तर ही उघड चूक. पण स्टारडेट काढा. 'स्पेस सीड'ची ३१४१.९. आता दुसऱ्या सीझनचा 'कॅट्सपॉ' घ्या. २७ ऑक्टोबर १९६७ ला दाखवला, पण त्या सीझनमध्ये चित्रित झालेला तो पहिला भाग, आणि चेकॉव्ह त्यात ठळकपणे आहे. त्याची स्टारडेट ३०१८.२.

३०१८ हे ३१४१ च्या आधी येतं. गोष्टीतल्या काळानुसार खान जहाजावर आला तेव्हा चेकॉव्ह आधीच तिथे होता. जहाजावर सव्वाचारशेच्या वर माणसं, त्यातली दहा-बाराच आपल्याला दर आठवड्याला दिसतात. तो दुसऱ्या पाळीला असेल, खालच्या मजल्यावर असेल. खाननं त्याला पाहिलं, आपण पाहिलं नाही.

हे पहिल्यांदा जुळलं ती रात्र मला आठवते. पण थांबा. आत्ताच मी मूळ मालिकेच्या स्टारडेटला कच्ची साक्ष म्हटलं, आणि हे अख्खं उत्तर त्याच कच्च्या साक्षीवर उभं आहे. म्हणून माझ्या वहीत याच्यापुढे 'सिद्ध' असं लिहिलेलं नाही, 'शक्य' असं लिहिलंय. तुम्हीही तसंच लिहा. सोयीचा निकाल मिळाला की साक्षीदाराची पत वाढवायची, गैरसोयीचा मिळाला की कमी करायची, हे एकदा सुरू झालं की वहीला काही अर्थ राहत नाही.

आता सालं. इथे मी तुम्हाला चाळीसगावजवळ पाटण्याला घेऊन जातो. पाटणादेवीला तुम्ही गेला असालच. तिथला एक शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा तो लेख, शके ११२८ चा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे धरून चालावं लागतं. आणि खुद्द भास्कराचार्य आपल्या ग्रंथात सांगतात की माझा जन्म 'रस-गुण-पूर्ण-मही' या शकात झाला. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही एक. उलट वाचा, १०३६. आणि 'रस-गुण' म्हणजे छत्तिसाव्या वर्षी मी सिद्धान्तशिरोमणी रचला. म्हणजे १०७२. इसवी सनात १११४ आणि ११५०.

यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, बघा. १०३६ हे साल आहे. ३६ हे अंतर आहे. नुसतं साल असतं तर ग्रंथ कधीचा हे कळलं नसतं, नुसतं अंतर असतं तर काहीच कळलं नसतं. आणि शक कुठून सुरू होतो हे ठाऊक नसतं तर दोन्ही असून आपण हवेतच राहिलो असतो. स्टार ट्रेकच्या जुन्या चाहत्यांची अवस्था वीस वर्षं नेमकी अशी होती. अंतरं ढीगभर, साल एकही नाही.

ती अंतरं एकमेकांशी भांडायचीसुद्धा. 'टुमॉरो इज यस्टरडे'मध्ये १९६० च्या दशकातला लष्करी अधिकारी कर्कला दोनशे वर्षं कोंडून ठेवण्याची धमकी देतो, तर कर्क म्हणतो की तेवढं बरोबर होईल. म्हणजे २१६० च्या पुढेमागे. 'स्पेस सीड'मध्ये खान १९९० च्या दशकातून निघालेला आणि जहाजात गोठलेल्या झोपेत दोन शतकं गेलेली. म्हणजे २१९० च्या आसपास. आणि 'द स्क्वायर ऑफ गोथोस'मध्ये ट्रेलेन नावाचा अचाट शक्तीचा परग्रहवासी नऊशे प्रकाशवर्षांवरून पृथ्वी पाहतोय आणि त्याला अलेक्झांडर हॅमिल्टनचं द्वंद्व माहीत आहे. ते झालं १८०४ मध्ये. १८०४ अधिक ९००, म्हणजे निदान २७०४. एकाच सीझनमध्ये साडेपाचशे वर्षांचा फरक.

मग कोणाला किती मानायचं? माझ्या आईच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती. ती सांगायची, आखाजीच्या (अक्षय्यतृतीयेच्या) तिसऱ्या दिवशी जन्मले, आणि मोठ्या भावाहून दोन वर्षांनी लहान. मामाचं साल शाळेच्या दाखल्यावर होतं. दाखल्यावरचं साल आणि आईनं सांगितलेलं अंतर जोडून आम्ही तिचं साल काढलं आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तेच चाललं. पण हीच आई शेतातल्या चिंचेकडे बोट दाखवून म्हणायची, "शंभर वरीसनं झाड शे." तिथे शंभर म्हणजे पुष्कळ. तिचं दोन वर्षांचं अंतर आणि तिची शंभर वर्षं या दोन्ही आकड्यांना सारखंच वजन दिलं असतं तर चूक माझी झाली असती.

संवाद ऐकताना हा भेद करा. कर्कचं 'दोनशे' हे चिंचेच्या झाडाचं शंभर आहे. कर्कचा सहकारी स्पॉक आपल्या जुन्या कॅप्टन पाइकच्या हाताखाली अकरा वर्षं, चार महिने, पाच दिवस होतो असं सांगतो, ते मोजलेलं आहे. माणूस स्वतःच्या आयुष्यातलं अंतर चोख सांगतो, इतिहासातलं ढोबळ. ट्रेलेनचं गणित तर त्याच्या सामर्थ्यावर अवलंबून आहे, आणि ज्याला ग्रह हलवता येतो त्याची दुर्बीण प्रकाशाच्या वेगाला बांधलेली असेल असं धरायला मला काही आधार दिसत नाही. तरी २७०४ माझ्या वहीत आहे. एकट्या पडलेल्या स्टेशनासारखं.

खुंटी मिळाली १९८८ मध्ये. 'नेक्स्ट जनरेशन'च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या भागात, 'द न्यूट्रल झोन'मध्ये, विसाव्या शतकातून गोठवून आलेला माणूस साल विचारतो आणि डेटा नावाचा यंत्रमानव अधिकारी सांगतो, तुमच्या कॅलेंडरप्रमाणे २३६४. एवढं एक वाक्य. मालिकेत वर्तमानकाळाचं नेमकं साल बोललं गेलं ते हे पहिलं, आणि त्याच्यावर पुढचं सगळं टांगलं गेलं. स्टारडेट ४१९८६ म्हणजे २३६४ चा शेवट, आणि हजाराला एक वर्ष. मग २३२३ मध्ये स्टारडेटचे हजार मिळवत गेलं की त्या काळातल्या कुठल्याही भागाचं साल निघतं. गंमत म्हणजे हाच डेटा याच सीझनच्या पहिल्या भागात आपण '७८ च्या बॅचचे असल्याचं सांगतो. २३६४ ला ते कुठेच बसत नाही. तेही नोंदवा.

मूळ मालिकेपर्यंत मागे कसं जायचं? मायकल आणि डेनिस ओकुडा यांनी १९९३ मध्ये कालक्रमाचं अधिकृत पुस्तक काढलं तेव्हा एक साधा नियम धरला: मूळ मालिका दाखवली त्याच्या बरोबर तीनशे वर्षांनी घडते. १९६६ ते ६९, म्हणजे २२६६ ते २२६९. अनेकांना हा नियम मनमानी वाटला. मलाही वाटला. पण कुठलाही ठोकताळा खरा की खोटा हे त्याच्या जन्मावरून नाही, पुढे आलेल्या साक्षींवरून ठरतं. १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन'च्या एका भागात त्या मालिकेचा नायक सिस्को आणि त्याचे सहकारी काळात मागे, मूळ मालिकेतल्या ट्रिबल्स नावाच्या केसाळ प्राण्यांच्या भागात, जाऊन पोचतात. अंतर सांगितलं जातं १०५ वर्षं, १ महिना, १२ दिवस. हे मोजलेलं अंतर आहे. डीप स्पेस नाइनचा तो सीझन स्टारडेटनुसार २३७३ चा. वजा करा, २२६८ येतं. ट्रिबल्सचा भाग दाखवला होता २९ डिसेंबर १९६७ ला. तीनशे मिळवले तर २२६७ च्या अगदी टोकाला. म्हणजे दोन वेगळ्या वाटांनी येऊन जवळजवळ एकाच ठिकाणी पोचलो. पुढे 'व्हॉयेजर'मध्ये २००१ साली कर्कची पाच वर्षांची मोहीम २२७० ला संपल्याचं सरळ सांगितलं गेलं. त्या दिवशी मी मूळ मालिकेच्या सालांवर शाईनं रेघ ओढली.

एकदा २२६७ हाती आलं की बाकीचे ठिपके पटापट पडतात. 'द डेडली इयर्स'मध्ये कर्क चौतीस वर्षांचा, म्हणजे जन्म २२३३. 'द मेनॅजरी'मध्ये पाइकची गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, म्हणजे २२५४.

इथे माझी एक चूक सांगतो, म्हणजे न काढण्याबद्दल मी एवढा आग्रह का धरतो ते कळेल. 'मेटामॉर्फोसिस'मध्ये प्रकाशाहून वेगानं नेणाऱ्या वार्प इंजिनचा जनक झेफ्रम कॉक्रेन भेटतो. तो दीडशे वर्षांपूर्वी नाहीसा झालेला, तेव्हा वय सत्त्याऐंशी. दुसऱ्या वहीत मी हे लिहिलं होतं आणि कशाशीच जुळत नाही म्हणून खोडरबरनं पुसलं. १९९६ च्या चित्रपटात कॉक्रेनचं पहिलं उड्डाण आलं, तारीख ५ एप्रिल २०६३. मी जळगावहून सीडी आणून तो पाहिला तेव्हा मला ते दोन आकडे हवे होते आणि वहीत नुसता खरवडलेला कागद. तो भाग पुन्हा बघायला मिळायला मला वर्ष लागलं. २२६७ मधून १५० गेले २११७, त्यातून ८७ गेले २०३०. उड्डाणाच्या वेळी कॉक्रेन तेहतीस वर्षांचा. पडद्यावरचा माणूस तेहतीसचा दिसत नाही, पण युद्धानं पोळलेल्या जगात माणसं लवकर थकतात, असं काही चाहते म्हणतात आणि मला ते पटतं.

खानच्या १९९० च्या दशकाचं काय, असंही तुम्ही विचाराल. मालिकेच्या म्हणण्याप्रमाणे त्या दशकात एक मोठं युद्ध झालं, खान त्यातूनच पळालेला. ते दशक आलं आणि गेलं, ते युद्ध काही झालं नाही. २०२३ मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'नं यावर उत्तर दिलं: काळात ढवळाढवळ करणाऱ्यांमुळे घटना पुढे सरकल्या, आणि खान एकविसाव्या शतकात लहान मुलगा म्हणून दिसतो. यावरून चाहत्यांमध्ये खूप वाद आहेत. माझं मत असं की जुनी रेघ पुसून नवी ओढायची नाही. आमच्या चार्टवर वेळापत्रकातली वाट वेगळी आणि गाडी प्रत्यक्ष गेली ती वाट वेगळी दिसते, दोन्ही एकाच कागदावर असतात आणि एकीवाचून दुसरीचा अर्थ लागत नाही. त्या युद्धाची १९९२-९६ ही एक रेघ, सरकलेली ती दुसरी. दोन रंगांत काढा.

हे दुखणं एकट्या स्टार ट्रेकचं नाही. ब्रिटिशांच्या 'डॉक्टर हू'मध्ये युनिट नावाच्या लष्करी पथकाच्या गोष्टी सत्तरच्या दशकात दाखवल्या. १९७५ च्या एका गोष्टीत नायकाची सोबतीण सारा आपण १९८० मधून आल्याचं सांगते. १९८३ मध्ये दाखवलेल्या गोष्टीत त्याच पथकाचा ब्रिगेडिअर १९७६ लाच निवृत्त झालेला निघतो. तिथले चाहते आजवर दोन गटांत आहेत आणि दोन्ही गटांकडे स्वच्छ साक्षी आहेत. त्यांच्या मालिकेला २३६४ सारखी सगळ्यांना बांधणारी खुंटी या प्रकरणात मिळालीच नाही. उलट 'बॅबिलॉन ५'मध्ये दर सीझनला एक साल, २२५८ पासून, सरळ सांगितलेलं. तिथे कालक्रम लावायचं कामच उरत नाही.

राहिला शेवटचा गुंता, १९८२ चा चित्रपट नेमका कोणत्या साली ठेवायचा. कर्कनं आपल्याला एका ग्रहावर सोडून दिलं त्याला, खान म्हणतो, पंधरा वर्षं झाली. २२६७ अधिक १५, २२८२. पण त्याच चित्रपटात मॅकॉय कर्कला वाढदिवसाला रोम्युलन (म्हणजे एका परग्रहवासी जमातीच्या) दारूची बाटली देतो, तिच्यावर साल २२८३, आणि वर सांगतो की ही मुरायला वेळ लागतो. म्हणजे चित्रपट २२८३ च्याही बराच पुढे. ओकुडांनी २२८५ धरलं. मग खानची अठरा वर्षं होतात.

काहींनी फार सुंदर तोड काढली होती. शेजारचा ग्रह फुटल्यामुळे खानच्या ग्रहाची कक्षा बदलली, असं चित्रपटातच आहे. मग खान त्या ग्रहाची वर्षं मोजत असेल. अठरा पृथ्वीवर्षांना पंधरा, म्हणजे तिथलं वर्ष साधारण ४३८ दिवसांचं. मी हे वहीत आनंदानं उतरवलं होतं. मग एकदा चित्रपट पुन्हा पाहताना कर्क आपल्या जुन्या प्रेयसीला, कॅरोलला, म्हणतो ते कानावर आलं: ज्याला मी पंधरा वर्षं पाहिलेलं नाही असा माणूस मला मारायला निघालाय. कर्क काही त्या ग्रहावर राहत नव्हता. त्याची वर्षं पृथ्वीची. तोड तिथेच मोडली.

आता एका बाजूला दोन माणसं, दोघंही स्वतःच्या आयुष्यातलं अंतर सांगणारी, आणि दुसऱ्या बाजूला एक बाटली. बाटलीवरचं २२८३ पृथ्वीच्या कॅलेंडरचं आहे असं चित्रपटात कोणीही म्हणत नाही. दारू रोम्युलन आहे. माझ्या रीतीनं निकाल माणसांच्या बाजूनं, २२८२ कडे झुकतो. ओकुडांचा मान ठेवून २२८५ ही शेजारी लिहिलंय. दोन्ही पेन्सिलीनं. तुम्ही चौघं आखाजीच्या सुट्टीत भुसावळला आलात तर ते पान दाखवतो. येताना 'कॅट्सपॉ'मधली चेकॉव्हची प्रत्येक फ्रेम तपासून या, तो जहाजावर नवा आहे असं सुचवणारं एखादं वाक्य माझ्या कानातून सुटलं असेल तर ते मला हवंय.